बंदूक घरात आली की ती चोवीस तास कुठे असणार?

शस्त्र परवान्याबद्दल विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'मला मिळेल का?' दुसरा: 'किती दिवस लागतील?' माझ्या मते दोन्ही नंतरचे आहेत. आधी एका साध्या कागदावर आपला नेहमीचा दिवस लिहून काढा आणि प्रत्येक तासापुढे बंदूक कुठे असेल ते लिहा. घ्यावी की नाही, हे बहुतेकांना त्या कागदावरच कळतं.

पुण्यातला नोकरदार माणूस धरा. सकाळी हिंजवडी नाहीतर खराडी. कंपनीच्या फाटकातून शस्त्र आत जात नाही. मेट्रोत नेता येत नाही. मॉल, मल्टिप्लेक्स, बँक, कोर्ट, देऊळ, सगळीकडे तपासणी. म्हणजे अंगावर घेऊन फिरणं बाजूलाच राहिलं. उरली गाडी. दुचाकीची डिकी साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडते आणि चारचाकीची काच फुटायला काही सेकंद लागतात. गाडीत शस्त्र ठेवून जाणं म्हणजे ते चोराच्या हातात देणं. शस्त्र हरवलं किंवा चोरीला गेलं तर लगेच पोलिसांत कळवावं लागतं आणि त्यानंतर निष्काळजीपणाचा प्रश्न परवानाधारकालाच विचारला जातो.

म्हणून ती घरात राहणार. तुम्ही बाहेर असताना दहा-बारा तास ती घरच्यांबरोबर असणार, आणि परवाना घराच्या नावावर नसतो, तुमच्या नावावर असतो. कपाटाची किल्ली 'असू दे तुझ्याजवळ' म्हणून बायकोकडे, मुलाकडे किंवा भावाकडे दिली की परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात शस्त्र गेलं. हा नियम बहुतेक घरांत सहज मोडतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये साठवणुकीचं हमीपत्र अर्जाबरोबरच द्यावं लागतं, तो नमुना एस-२. अनेक जण तो वाचत नाहीत, सही करून मोकळे होतात. तो वाचावा आणि घरात तशी जागा आधी करावी. गोदरेजच्या कपाटातला आतला लॉकर पुरेसा वाटतो, पण त्याची किल्ली त्याच कपाटाच्या किल्लीच्या जुडग्यात लटकत असते. भिंतीत किंवा लादीत चार बोल्टांनी पक्की केलेली लहान तिजोरी घ्या. नुसती ठेवलेली वीस-पंचवीस किलोची तिजोरी दोन माणसं चादरीत गुंडाळून नेतात. काडतुसं वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात.

आता रात्रीचा तास. हाच तास डोळ्यांसमोर ठेवून बहुतेक लोक बंदूक मागतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

पुण्यात रोजच्या पेपरात घरफोडीची बातमी कशी असते ते आठवा: 'बंद फ्लॅटचं कुलूप तोडून'. चोर माणसं नसताना येतो. तेव्हा बंदूक घर राखत नाही, दागिन्यांबरोबर तीही जाते. माणसं घरात असताना चोर आला तर काय होतं? झोपेतून उठायचं, चष्मा शोधायचा, तिजोरीची किल्ली किंवा आकडा, रिव्हॉल्व्हर बाहेर, दुसऱ्या कुलपातून काडतुसं, अंधारात थरथरत्या बोटांनी सहा राऊंड भरायचे. हे सगळं टाळायला भरलेलं शस्त्र उशीखाली ठेवायचं म्हटलं, तर दिवसाच्या उरलेल्या तासांत ते नातवाच्या हाताला लागणार. या दोन्हींच्या मधली जागा मी बरीच शोधली. ती नाही.

त्यात आपली घरं. फ्लॅटमधल्या आतल्या भिंती बहुतेक चार इंची, काही नव्या इमारतींत त्याहून हलक्या. दार म्हणजे तीस-पस्तीस मिलिमीटरचा फ्लश डोअर. .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरची शिशाची गोळी तो दरवाजा भेदून पलीकडच्या खोलीत जाते. बारा बोअरच्या बंदुकीचे छर्रे 'पसरतात, म्हणून नेम नको' हा समज खोटा आहे. छर्ऱ्यांचा पसारा ढोबळमानाने दर मीटरला दोन-तीन सेंटिमीटर. दिवाणखान्यातल्या पाच मीटरवर तो तळहाताएवढाच असतो. नेम धरावाच लागतो, आणि चुकला तर तळहाताएवढा तो गोळा शेजाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर. बंद खोलीतल्या एका बाराचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो. त्यानंतर काही वेळ कानात नुसती शिटी वाजते. आई कुठून हाक मारतेय, चोर किती आहेत, पळाले का, काही ऐकू येत नाही.

कायद्याचं म्हणाल तर स्वसंरक्षणाचा हक्क पक्का आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पूर्वीच्या दंड संहितेत ९६ ते १०६ मध्ये होता. पण त्याला मर्यादा आहेत: गरजेपेक्षा जास्त इजा नको, पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही. जीव जाईपर्यंतचा बचाव करायचा तर मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, सूर्यास्तानंतर सूर्योदयापूर्वीची घरफोडी अशी ठरावीक परिस्थिती असावी लागते. पाठ फिरवून जिन्यावरून पळणाऱ्यावर झाडलेली गोळी या मर्यादेत बसत नाही. ही गोष्ट विकत घेण्याआधी समजलेली बरी, कारण तो निर्णय दोन सेकंदांत घ्यायचा असतो आणि कोर्टात त्या दोन सेकंदांवर कित्येक वर्षं बोललं जातं.

कोथरूड, औंध, सहकारनगर इथले कितीतरी आई-वडील एकटे राहतात, मुलं अमेरिकेत किंवा जर्मनीत. त्या मुलांकडून 'बाबांना एखादं रिव्हॉल्व्हर घेऊन देऊ का' असं विचारलं जातं. काळजी खरी आहे. पण रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे न ओढता थेट चाप दाबायचा तर तो चांगलाच जड असतो, सत्तरीतल्या बोटाला तो सरळ दाबणं अवघड. नळी खाली झुकते आणि गोळी पायांजवळ जाते. त्याच पैशात जाळीचा सेफ्टी डोअर, आतून साखळी, दाराबाहेर उजेड, फोनवर दिसणारा कॅमेरा, शेजाऱ्याकडे घंटी वाजेल असं एक बटण आणि ११२ हा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर, एवढं होतं. पुणे पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये ज्येष्ठांसाठी नोंदणी होते, तीही करून टाका.

मग बंदूक कोणी घ्यावी? माझ्या दृष्टीने तीन कारणं टिकतात.

एक, नेमबाजी. ही सगळ्यात निर्मळ. आणि सुरुवातीला परवानाही लागत नाही: ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल किंवा एअर पिस्तूल परवान्याच्या कक्षेबाहेर आहे. स्पर्धेची दहा मीटरची एअर रायफल साधारण साडेसात ज्यूलची असते, म्हणजे मर्यादेच्या खूप खाली. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, तिथे नेमबाजीची रेंज आहे. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्य मिळवलं, त्यानेही बालेवाडीत सराव केला. ज्याला शस्त्राची ओढ आहे त्याने सहा महिने तिथे कागदावर छर्रे मारावेत. बंदूक हातात असताना श्वास कसा चालतो, मन कुठे जातं, चाप ओढताना मूठ कशी आवळली जाते, हे तिथे कळतं. उजव्या हाताने मारणाऱ्याचे नवशिकेपणीचे छर्रे बहुतेक खाली डावीकडे जमतात, कारण चापाबरोबर सगळा पंजा आवळला जातो. तो जमाव मध्यावर यायला हजारो छर्रे लागतात. एवढा सराव केलेल्या माणसाला रिव्हॉल्व्हर हवं की नको याचं उत्तर दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

दोन, शेती. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्येच याची सोय आहे: संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, आणि पीक राखायला ठासणीची बंदूक. मुळशी, वेल्हे, भोरकडे रानडुकरं एका रात्रीत भुईमुगाचं वावर उकरून ठेवतात, तिथे हे कारण खरं आहे. पण परवाना शस्त्राचा असतो, जनावर मारण्याचा नव्हे. त्याला वन खात्याची वेगळी परवानगी लागते. पुष्कळ ठिकाणी हवेतल्या बारापेक्षा सौर कुंपणाचा झटका जास्त दिवस टिकतो, कारण डुक्कर आवाजाला महिन्याभरात सरावतं.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरकडे मागणी बिबट्यामुळे येते. ती भीती समजू शकते, उसाला लागून घर असलेल्या माणसाला 'घाबरू नका' म्हणणं सोपं नाही. तरी सांगतो, तिथे बंदूक फारशी कामाची नाही. बिबट्या अनुसूची एकमधला, म्हणजे कायद्याचं सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ११ मध्ये स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने झालेली हत्या गुन्हा नाही, पण त्या क्षणापर्यंत बंदूक खांद्याला येतच नाही. बिबट्या उसातून मागून येतो, खाली वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसावर येतो. जखमी झालेला बिबट्या पुन्हा उसात शिरला तर पुढचे आठ दिवस सगळी वस्ती संकटात. रात्री पाणी द्यायला जाताना मोबाईलवर गाणी मोठ्याने, बॅटरी, हातात लांब काठी, दोघांनी जाणं, पोरांना दिवेलागणीनंतर अंगणात एकटं न सोडणं, संडास घराजवळ आणि उजेडात, हे उपाय रोज चोवीस तास लागू पडतात.

तीन, नाव-गाव असलेला खरा धोका: साक्षीदार, खंडणीची धमकी आलेला व्यावसायिक, रोख रकमेची ने-आण करणारा. इथे तक्रार, एफआयआर, कॉलचा तपशील असं काहीतरी कागदावर हवं. पोलीस तपासणीत पहिला प्रश्न तोच असतो. आणि अशा माणसालाही मी रस्ता बदलणं, वेळ बदलणं, सोबत माणूस ठेवणं हे आधी सांगेन.

चौथं कारण मी मोजत नाही, पण पुणे जिल्ह्यात ते सर्वांत जोरात आहे. जमिनीचा पैसा आला, गळ्यात सोनं आलं, तसं कमरेला पिस्तूल. लग्नाच्या वरातीत बार काढणं, रीलमध्ये नळी दाखवणं. शस्त्र अधिनियमातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदापोटी निष्काळजीपणे केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. नियम असा आहे की सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, आणि पूर्ण झाकलेलं हवं. हवेत उडालेली गोळी खाली येते, आणि मांडवात पोरं असतात. या प्रकाराबद्दल मला खरोखर चीड आहे.

परवान्याचं थोडक्यात. वय किमान २१. पुणे शहरात पोलीस आयुक्त, पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. अर्ज एनडीएएल-एएलआयएस या केंद्राच्या पोर्टलवर, नमुना ए-१. सोबत प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र एस-१, साठवणुकीचं एस-२, वैद्यकीय एस-३, ज्यात मानसिक आरोग्यावर खास भर आहे. परवान्याची मुदत २०१९ पासून तीनऐवजी पाच वर्षं, आणि एका माणसाकडे तीनऐवजी जास्तीत जास्त दोन शस्त्रं. परवाना कुठपर्यंत चालतो ते पाहा: जिल्हा, राज्य की देश. पुणे जिल्ह्यापुरता परवाना घेऊन शिरवळच्या अलीकडे नीरा नदीचा पूल ओलांडला की तुम्ही सातारा जिल्ह्यात विनापरवाना आहात. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी टाका. निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समिती शस्त्रं जमा करायला सांगू शकते. पावती जपून ठेवा.

शस्त्र घेतलंच, तर पुण्याचा पावसाळा लक्षात ठेवा. जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की सगळ्यात आधी गंज होल्स्टरच्या आतल्या बाजूला लागलेल्या ठिकाणी धरतो. चामडं पाणी धरून ठेवतं, आणि कमावताना वापरलेली रसायनंही धातूला खातात. शस्त्र होल्स्टरमध्ये साठवायचं नसतं. पुसून, पातळ तेलाचा हात फिरवून, सुती कापडात गुंडाळून तिजोरीत, शेजारी सिलिका जेलची पुडी, आणि ती पुडी महिन्याला गरम करून वाळवायची. उघड्या बोटांचा घाम निळ्या पॉलिशवर राहिला तर आठ दिवसांत अंगठ्याचा तांबूस ठसा उठतो.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या घराण्यातलं, वरचा खटका दाबला की मधून मोडतं आणि नळी खाली झुकते. उघडताना सिलिंडरमागचा ताऱ्याच्या आकाराचा भाग सहाही रिकाम्या पुंगळ्या उचलतो. शस्त्र सरळ उभं धरून सावकाश उघडलं तर एखादी पुंगळी पुरती बाहेर न पडता परत सरकते आणि ताऱ्याखाली अडकते, मग सिलिंडर बंदच होत नाही. म्हणून थोडं आडवं धरून एका दमात उघडायचं. सिलिंडरच्या सहाही खोल्या, म्हणजे काडतुसं बसतात ती भोकं, डोळ्यांनी पाहायच्या आणि करंगळीच्या टोकाने चाचपायच्या, दोन्ही. अंधारात डोळा फसतो.

साफ करताना ब्रश .३२ चाच, रॉड पितळी, आणि तो नळीच्या तोंडाच्या काठावर घासू द्यायचा नाही. तो काठ झिजला की नेम जातो. शिशाच्या गोळीचा राखाडी थर सिलिंडरच्या तोंडाशी आणि नळी सुरू होते तिथे बसतो. सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं थांबा, मग ब्रश आठ-दहा वेळा, मग चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी तेल एक थेंब. लोक इथे सढळ हाताने तेल ओततात. ते खोल्यांमध्ये उतरतं, काडतुसाच्या टोपीतून आत जातं आणि काडतूस मरतं.

काडतुसं आपल्याच गावची असतात: खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, कारखाना १८६९ चा, बुडावर 'केएफ' ही खूण. ती चांगली असतात, पण वर्षानुवर्षं ओल्या कपाटात पडलेलं काडतूस कोणाचंही असो, भरवशाचं नाही. चाप ओढला आणि नुसता 'टक' आवाज झाला तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान तीस सेकंद थांबा. बार उशिरा निघू शकतो. आणि आवाज 'फुस्स' असा दबका आला, धक्का कमी लागला, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असण्याची शक्यता आहे. पुढचा बार काढला तर ती दुसरी गोळी पहिलीवर आदळते, नळी फुगते किंवा फाटते, कधी तुमच्या बोटांसकट. शस्त्र रिकामं करा, नळीतून उजेड दिसतो का पाहा, नाही दिसला तर थेट डीलरकडे.

आता एक गोष्ट, जी बोलायला जड आहे. घरात कोणी निराशेच्या फेऱ्यात असेल, कोणाचं पिणं वाढलं असेल, धंद्यात मोठं नुकसान झालं असेल, घटस्फोट चालू असेल, तर त्या काळापुरतं शस्त्र घराबाहेर काढा. तो विचार अनेकदा काही मिनिटांचाच असतो आणि ओसरतो. हाताशी बंदूक असली तर तो ओसरायला वेळ मिळत नाही. परवानाधारक स्वतःच त्या अवस्थेत असेल तर किल्ली लपवून भागत नाही. परवानाधारक डीलरकडे किंवा पोलीस ठाण्यात ते जमा करता येतं, शस्त्र नियमांत तशी तरतूद आहे, कारण सांगताना लाजायचं काही नाही. आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

शेवटी वाड्यांतल्या आणि गावाकडच्या जुन्या बंदुका. आजोबांची दुनळी, त्यांच्यानंतर वडिलांनी माळ्यावर ठेवलेली, कागद कुठे आहेत कोणाला ठाऊक नाही. माणूस गेला की त्याचा परवाना वारसाकडे आपोआप येत नाही. वारसाने अर्ज करावा लागतो, आणि शस्त्र नियमांतल्या नियम २५ मध्ये त्याला सोय आहे. धारक हयात असतानाही त्याचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यांतलं जे आधी होईल तेव्हा, वारसाच्या नावे परवाना मागता येतो. वडील हयात आहेत तोवर हे करून घ्या, नंतरची धावपळ दुप्पट. भावांपैकी कोणालाच नको असेल तर तेही ठीक आहे, त्यात आजोबांचा अपमान नाही. मात्र भंगारात द्यायची नाही, विहिरीत टाकायची नाही, मित्राला 'ठेव तुझ्याकडे' म्हणून द्यायची नाही. डीलरकडे किंवा ठाण्यात पावती घेऊन जमा करायची. पावतीवर लिहिलेला नंबर बंदुकीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. जुन्या दुनळीवर तो वरून बहुतेक दिसत नाही. पुढचं लाकूड काढून नळ्या वेगळ्या केल्या की त्यांच्या मागच्या टोकाला, खालच्या सपाट बाजूवर कोरलेला सापडतो.